मम म्हणा

गेल्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. गुरुजी घाईत होते. अमावास्येची संध्याकाळ, सदाशिव पेठेत घरोघर चौरंग मांडलेले, आणि आमच्याकडून सुटून त्यांना आणखी चार घरे गाठायची होती. त्यामुळे संकल्प त्यांनी असा काही भरभर म्हटला, की त्यातले माझे नाव आणि माझे गोत्र एवढेच काय ते माझ्या कानांना ओळखीचे वाटले. पळीभर पाणी माझ्या तळहातावर पडले. "मम म्हणा," गुरुजी म्हणाले. मी "मम" म्हटले, पाणी ताम्हनात सोडले, आणि पुढची पूजा सुरळीत पार पडली.

लाह्या-बत्तासे वाटून झाल्यावर माझी धाकटी पुतणी जवळ येऊन बसली. ही बाणेरच्या बाजूला संगणकाच्या एका कंपनीत नोकरी करते.

"काका, मघाशी तुम्ही मम म्हणालात, ते कशाला?"

"कशाला म्हणजे? गुरुजींनी सांगितले म्हणून."

"तसे नव्हे. कोणत्या गोष्टीला तुम्ही हो म्हणालात?"

मी चाचरलो. मुंज झाल्यापासून मी मम म्हणत आलो आहे, म्हणजे साठ-पासष्ट वर्षे सहज झाली असतील. आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. आपली मराठी मात्र मोठी चाणाक्ष. न समजता, न वाचता, दुसऱ्याच्या म्हणण्याला मान तुकवली, की त्याला 'मम म्हणणे' असा वाक्प्रचारच तिने करून ठेवला आहे.

माझा चेहरा पाहून पुतणी हसली. "राग मानू नका, काका. मी थट्टा करत नाही. माझे दिवसभराचे काम हेच आहे. फरक एवढाच, की तिथे प्रश्न यंत्र विचारते, आणि मम म्हणायला मी दुसऱ्या यंत्राला शिकवते."

फराळ बाजूला राहिला आणि त्या रात्री आमचे बरेच बोलणे झाले. त्यातले जे मला समजले, आणि जे अजूनही पुरते उलगडलेले नाही, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

तिचे काम सांगायला सोपे आहे. बँका, इस्पितळे, कारखाने यांचा सगळा कारभार आता संगणकावर असतो. संगणक बिघडतो, जळतो, कधी चोरही त्यात शिरतात. म्हणून रोज रात्री त्यातल्या मजकुराची एक नक्कल काढून ती दुसरीकडे जपून ठेवायची. तिला बॅकअप म्हणतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतून किती घरांची खरेदीखते, जन्मपत्रिका आणि लग्नातले फोटो चिखलात गेले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना नकलेचे मोल सांगायला नको. त्याच पुण्यात आज या नकला सांभाळण्याचा एक मोठा धंदा उभा आहे. नेटबॅकअप नावाची प्रणाली जगभर वापरली जाते. ती बनवणाऱ्या व्हेरिटास या अमेरिकन कंपनीचे मोठे केंद्र इथे होते. २००८ मध्ये द्रुवा नावाची कंपनी तर पुण्यातच निघाली. पेन्शनरांचे शहर म्हणून ज्याची चेष्टा होई, त्याने जगाची कागदपत्रे सांभाळायला घ्यावीत हे मला मोठे साजेसे वाटते.

आता नक्कल रोज निघणार म्हटल्यावर ती साठणारही रोज. घरात वर्तमानपत्रांची रद्दी साठावी तशी. म्हणून प्रत्येक नकलेला मुदत घालून देतात. कोणाला तीस दिवस, कोणाला एक वर्ष, कोणाला सात वर्षे. मुदत सरली की नक्कल काढून टाकायची. इथे एक मजेदार बारकावा तिने सांगितला. चुंबकीय फितीवरची नक्कल काढून टाकतात तेव्हा फितीवरचा मजकूर त्या क्षणी पुसला जात नाही. पुसली जाते ती सूचीतली नोंद. ग्रंथालयातले पुस्तक फडताळात तसेच राहावे आणि त्याचे कार्ड तेवढे फाडून टाकावे, तसे. मग ती फीत कोरी समजून पुन्हा वापरात येते, आणि केव्हातरी जुन्या मजकुरावर नवा मजकूर चढतो. एकदा तो चढला की संपले. मग ब्रह्मदेवालाही तो परत आणता येत नाही.

आणि म्हणूनच, असे काही काढून टाकण्याची आज्ञा केली की यंत्र आधी थांबते आणि विचारते: तुमची खात्री आहे ना? हो की नाही?

हो म्हणायला एक अक्षर दाबायचे. एकच फीत असेल तर माणूस वाचेल, क्षणभर विचार करील आणि दाबील. पण फिती दोनशे असल्या, तर दोनशे वेळा तोच प्रश्न आणि दोनशे वेळा तेच अक्षर. शिवाय हे काम करायचे रात्री दोन वाजता, कारण दिवसा यंत्रांना उसंत नसते. म्हणून मग आज्ञांची एक यादी लिहून ठेवतात. तिला स्क्रिप्ट म्हणतात. ती ठरल्या वेळी आपणहून चालते आणि माणूस घरी झोपतो. अडचण एकच. मध्यरात्री यंत्राने "खात्री आहे ना?" म्हणून विचारले आणि उत्तर द्यायला कोणी नसले, तर ते उत्तराची वाट पाहत सकाळपर्यंत तसेच उभे राहते. यावर दोन तोडगे आहेत. आज्ञेच्या शेवटी एक शब्द जोडायचा. त्याचा अर्थ, 'विचारू नकोस, कर.' नाहीतर प्रश्नापुढे एक दुसरी आज्ञा बसवायची. युनिक्स नावाच्या जुन्या संगणकप्रणालीत ही आज्ञा पूर्वापार आहे, आणि तिचे नावच मुळी 'येस'. ती एवढेच करते: हो, हो, हो, हो असे थांबवीपर्यंत म्हणत राहते. समोरून प्रश्न काय आला याच्याशी तिला कर्तव्य नाही. प्रश्न आला की नाही याच्याशीही नाही.

मला दारात येणारा नंदीबैल आठवला. गुबुगुबु वाजवत मालक विचारतो, "पाऊस पडंल का?" नंदी मान हलवतो. "बाईंना नातू होईल का?" नंदी मान हलवतो. पण त्याच्या हातात, म्हणजे शिंगात म्हणा, कोणाची कागदपत्रे नसतात.

"अगं, पण हा सरळ सरळ अप्रामाणिकपणा झाला," मी म्हणालो. "प्रश्न विचारला तो माणसाने क्षणभर थांबावे म्हणून. तुम्ही त्या प्रश्नाच्या तोंडात आधीच उत्तर कोंबून ठेवता. मग विचारायचे कशाला?"

ती शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही बँकेत पासिंग ऑफिसर होता ना? दिवसाला किती व्हाउचरांवर सही करत होता?"

या पोरीला नेमके कुठे बोट ठेवावे ते कळते. तिला मी जे सांगितले नाही, ते इथे सांगतो. चाळीस वर्षे होऊन गेली. बँकेत अजून संगणक यायचे होते. जाडजूड लेजरे होती. कारकुनाने नोंद करायची आणि अधिकाऱ्याने मूळ कागदाशी ताडून तांबड्या शाईने आद्याक्षरे करायची, असा नियम. एकाने करायचे, दुसऱ्याने तपासायचे. तपासणारा अधिकारी म्हणजे यंत्राचा तो "खात्री आहे ना?" हा प्रश्नच, फक्त पँट-शर्ट घातलेला. मार्चअखेरचे दिवस होते. समोर गठ्ठा होता. त्यात एक खातेदार वारल्याचे त्याच्या मुलाचे पत्र होते, आणि त्यावरून लेजरात खाते बंद ठेवण्याची नोंद केलेली होती. नाव तेच, आडनाव तेच. मधले वडिलांचे नाव वेगळे. कारकुनाने भलत्याच पानावर 'खातेदार मयत' असे लिहिले. मी त्याखाली आद्याक्षरे केली. पत्र पाहिले नाही.

आठवड्याने एक वृद्ध गृहस्थ काउंटरवर आले. पत्नी इस्पितळात होती, पैसे काढायचे होते, आणि खिडकीवरच्या मुलाने त्यांना, ते वारले आहेत असे सांगितले होते. त्यांना माझ्याकडे आणले. मी लेजर उघडले. कारकून घाईघाईने म्हणाला, "साहेब, तुम्ही पास केले आहे." मी म्हणालो, "मी तू लिहिलेस ते पास केले." दोघेही खरे बोलत होतो. होमात आहुती टाकल्यावर यजमान 'इदं न मम' म्हणतो, हे माझे नाही, असे. ते त्यागाचे वचन आहे. आम्ही दोघे ते वेगळ्याच अर्थाने म्हणत होतो. ते गृहस्थ रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी चष्मा लावला, लेजरावर वाकून पाहिले, आणि तांबड्या अक्षरांवर बोट ठेवून विचारले, "ही सही आपलीच ना?"

हो म्हणायला मला किती वेळ लागला, ते सांगता येणार नाही.

नोंद उलट फिरवली, पैसे दिले, चहा मागवला. वरिष्ठांना काही कळवले नाही. कळवण्यासारखे काय होते? माणूस जिवंत होता आणि त्याचे पैसेही मिळाले होते.

तेव्हा माणसाने दाबलेले 'हो' खरे आणि यंत्राकडून वदवलेले खोटे, असा माझा जो पहिला ग्रह होता तो मला सोडून द्यावा लागला. त्या मार्चमध्ये मी स्वतःच 'येस' झालो होतो. तोच प्रश्न शंभर वेळा विचारला, की शंभराव्या वेळी तो प्रश्न राहत नाही; तो आवाज होतो. लग्नात भटजी 'सावधान' म्हणतात. केवढा गंभीर शब्द! आयुष्य बदलून टाकणारी, मागे न फिरणारी गोष्ट आता घडणार आहे, शुद्धीवर राहा, असे तो सांगतो. लाखो वरांनी तो ऐकला आणि अंतरपाट दूर होण्याची वाट पाहिली. परंपरा सांगते की जांबेच्या बारा वर्षांच्या एका मुलाने तो शब्द शब्दाप्रमाणे ऐकला आणि मांडवातून पळ काढला. पुढे महाराष्ट्राने त्याला समर्थ रामदास म्हणून ओळखले. एकानेच ऐकला याचे आपल्याला कौतुक वाटते. मला वाटते, दोष इतरांचाही नव्हता. वऱ्हाड जमलेले, अक्षता हातात, पंगतीची पाने मांडलेली. तिथे 'नाही' म्हणायची सोयच ठेवलेली नसते. जिथे नाही म्हणता येत नाही, तिथल्या प्रश्नाला प्रश्न का म्हणावे? रात्री दोन वाजता दोनशेवी फीत समोर असलेल्या त्या नोकरदाराची स्थिती फारशी वेगळी नसते.

बरे, प्रश्न नीट ऐकून मनापासून हो म्हटले तरी निभावतेच असे नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवर, क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, असा इशारा लोकांच्या फोनवर गेला. तो खोटा होता. मागे घ्यायला अडतीस मिनिटे लागली. इशारा पाठवण्यापूर्वी यंत्राने त्या कर्मचाऱ्याला विचारले होते, की नक्की पाठवायचा ना? त्याने हो म्हटले, कारण तालमीला तो खरा प्रसंग समजला होता. नंतरच्या चौकशीत निघाले, की तालमीच्या वेळी आणि खऱ्या वेळी विचारला जाणारा प्रश्न अक्षरशः एकच होता. आपण कुठे उभे आहोत हे ज्याला चुकीचे ठाऊक आहे, त्याला खात्री विचारून काय उपयोग? त्याची खात्री असतेच.

पुतणीच्या धंद्यात ३१ जानेवारी २०१७ ची रात्र सगळ्यांना पाठ आहे. गिटलॅब नावाच्या कंपनीतला एक जण उशिरापर्यंत काम करत बसला होता. दोन यंत्रे होती, एक मुख्य आणि एक तिची जोडीदार. जोडीदारावरचा मजकूर काढायचा होता. त्याने आज्ञा दिली ती मुख्य यंत्रावर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर तीनशे गिगाबाइटच्या आसपासच्या साठ्यातले साडेचार उरले होते. मग नकला शोधू लागले, तर रोजच्या नकला कित्येक दिवस निघतच नव्हत्या. आणि निघत नाहीत हे सांगणारी पत्रेही कोणापर्यंत पोहोचत नव्हती. शेवटी हाती लागली ती सहा तासांपूर्वीची एक नक्कल, तीही त्याच माणसाने दुसऱ्याच कारणासाठी सहज काढून ठेवलेली. सहा तासांचे काम कायमचे गेले. त्या माणसाला यंत्राने "खात्री आहे ना?" असे विचारले असते, तर त्याने काय उत्तर दिले असते? "आहे" असेच. त्याला विचारायला हवे होते ते वेगळेच: तू आत्ता कोणत्या यंत्रापुढे बसला आहेस?

हे ऐकले आणि मला आमच्या गुरुजींचा संकल्प आठवला. घाईत म्हटलेला, मी न ऐकलेला. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मी पोथी काढून तो वाचला. त्यात काय नसते? कोणते द्वीप, कोणता देश, गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत, शालिवाहनाचे कितवे वर्ष, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग कोणत्या गोत्रात जन्मलेला, कोणत्या नावाचा मी, कशासाठी, कोणते कर्म करणार आहे. हे सगळे उच्चारून झाल्यावर मग 'मम'. (मुठेच्या काठी बसून आम्ही गोदावरीचा दक्षिण तीर सांगतो, हे खरे, पण गोदावरीच्या दक्षिणेला आहोत हे काही खोटे नाही.) पूर्वजांनी होकाराला किती कुंपण घातले होते! ते कुंपण आम्ही भरभर म्हणून टाकले आणि शेवटचे दोन अक्षरी 'मम' तेवढे जपून ठेवले. आपल्या पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने संस्कार करतात तेव्हा मंत्रांचा अर्थ मराठीत सांगतात. त्याला वेळ लागतो म्हणून कुरकुरणारे यजमान मी पाहिले आहेत. मीही त्यांतलाच एक होतो.

पुतणीला पोथी दाखवली तेव्हा ती म्हणाली, "चांगली स्क्रिप्ट अशीच असते." आणि तिने आपली पद्धत सांगितली. काढून टाकण्याआधी स्क्रिप्ट एकदा नुसती तालीम करते. काय काय जाईल त्याची यादी बनवते, पण हात कशालाच लावत नाही. मग आपण कोणत्या यंत्रावर आहोत ते ताडून पाहते. जी जुनी नक्कल जायची, तिच्यानंतरची नवी नक्कल खरोखर आहे का, आणि ती उघडते का, ते पाहते. रोज चाळीस-पन्नास जात असतील आणि आज चारशेंची यादी निघाली, तर थांबते. एवढे झाल्यावरच हो म्हणते. आणि तेही कोणत्याही प्रश्नाला नव्हे. डॉन लिब्स नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १९९० मध्ये 'एक्स्पेक्ट' नावाची एक युक्ती लोकांपुढे मांडली. ती यंत्राचा प्रश्न आधी वाचते, अपेक्षित शब्दच आले आहेत का ते पाहते, आणि मगच ठरलेले उत्तर देते. भलताच प्रश्न आला तर तिला काय करायचे ते आधी सांगून ठेवता येते. पुतणी सांगते, की गप्प बस आणि माणसाला उठव.

आमच्या लहानपणी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे घरची वही असे. आईने त्याला सांगून ठेवले होते, पोर येऊन मागेल ते द्या, वहीत मांडा. आईचा हा होकार महिन्यातून शंभर वेळा तिच्या माघारी वापरला जाई. एकदा गल्लीतल्या आमच्या पोरांच्या गणपतीसाठी मी त्याच्याकडे परस्पर पाच शेर साखर मागितली. वाण्याने तराजू खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आईला पाठव." त्या वेळी मला त्याचा भयंकर राग आला होता. आईने 'मागेल ते' म्हटले होते. शब्द धरून बसले तर त्याने साखर द्यायलाच हवी होती. पण आईचा होकार कुठे संपतो हे त्याला आईच्या शब्दांपेक्षा चांगले कळत होते.

आपण पुणेकर 'ध चा मा' विसरू शकत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या हुकमात 'धरावे' होते, त्याचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, अशी लोककथा. खरे काय ते इतिहासकारांनी पाहावे. मला नवल वाटते ते कथेचे. अडीचशे वर्षे आपण त्या एका अक्षराची चर्चा करतो आहोत, अक्षर कोणी बदलले याची. पण ज्यांच्या हातात तो कागद पडला त्यांनी, एवढ्या मोठ्या माणसाला मारण्याचा हुकूम वाचून, परत जाऊन एकदा विचारायला हवे होते, असे कथा सांगणारा कोणी म्हणत नाही. हुकूम होता, त्यांनी मम म्हटले. आज्ञा पाळणाऱ्याकडून आपली अपेक्षा तरी किती थोडी असते!

इथवर सगळे पटण्यासारखे होते. अवघड प्रश्न पुतणीने शेवटी काढला, आणि तो बोलताना तिचा आवाज बदलला.

तिच्या कंपनीत एक जुनी स्क्रिप्ट होती. लिहिणारा नोकरी सोडून केव्हाच गेला होता. स्क्रिप्ट मात्र रोज रात्री चालत होती आणि 'विचारू नकोस, कर' हा शब्द तिच्या शेवटी होता. माणूस गेला, त्याचा होकार मागे राहिला. त्याने तो दिला तेव्हा बरोबरच होता. अमुक अक्षरांनी नाव सुरू होणाऱ्या यंत्रांच्या नकला तीस दिवसांनी काढायच्या, एवढेच त्यात होते, आणि तेव्हा तशी दोनच यंत्रे होती. पुढे एक नवा ग्राहक आला. त्याच्या एका यंत्राचे नाव योगायोगाने त्याच अक्षरांनी सुरू होत होते. त्याच्या नकला एक वर्ष ठेवायच्या असे ठरले होते. त्या तीस दिवसांनी जात राहिल्या. पुतणीने एका रविवारी जुन्या स्क्रिप्टा वाचायला घेतल्या म्हणून हे उघडकीस आले. तोवर काही महिन्यांच्या नकला गेल्या होत्या. त्या कोणी मागितल्या नव्हत्या. बहुधा कोणी कधी मागितल्याही नसत्या.

"मी वरच्यांना सांगितले. ते म्हणाले, कोणाचे काही बिघडले का? नाही ना? मग स्क्रिप्ट दुरुस्त कर आणि पुढे चल."

"मग?"

"मग काय, काका. खरेच कोणाचे बिघडले नव्हते. तरी मला झोप येईना. काही बिघडले नाही हे आपले नशीब. नशीब चांगले म्हणून चूक चूक नव्हती, असे होते का? आणि चूक कोणाची? तो गेला. मी तर नंतर आले."

यावर मी काय बोलणार? तत्त्वज्ञ या प्रश्नाला 'नैतिक दैव' असे नाव देतात, असे कुठेतरी वाचलेले आठवते. दोन गाडीवान सारखेच बेफिकीर. एकापुढे मूल आडवे येते, दुसऱ्यापुढे येत नाही. पहिल्याला आपण जन्मभर दोष देतो, दुसरा घरी जाऊन जेवतो. माझ्यापुढे एक म्हातारा गृहस्थ आला होता, म्हणून मला माझी सही आठवते. त्या मार्चमध्ये न वाचता केलेल्या बाकीच्या शेकडो सह्या मला आठवत नाहीत. त्यांपैकी किती चुकीच्या होत्या, ते मला कधीच कळणार नाही.

पण एक मला स्पष्ट दिसले. तो गेलेला माणूस काही यंत्राला हो म्हणायला शिकवल्याबद्दल दोषी नव्हता. होकार आधी देऊन ठेवणे यात पाप नाही. वडील मृत्युपत्र करतात तेव्हा ते हेच करतात. पण ज्याच्या नावाने होकार चालू आहे, असा कोणीतरी जागा हवा. आणि तो गेला तर पुढच्याने येऊन, हा होकार आता माझा, असे वाचून-समजून म्हणायला हवे. कुळाचार असाच पुढे जातो. ते न म्हणता नुसते चालू द्यायचे, म्हणजे मम म्हणणाराच नाही आणि पळीने पाणी मात्र पडते आहे.

"मग केलेस काय?" मी विचारले.

"ग्राहकाला पत्र लिहिले. वरच्यांच्या परवानगीने, पण ती मिळवायला आठ दिवस लागले. काय गेले, केव्हा गेले, कसे गेले, सगळे लिहिले. खाली नाव माझे घातले."

"तू तर काही केले नव्हतेस."

"स्क्रिप्ट आता माझ्याकडे आहे ना, काका."

मी उठून आत गेलो. बँकेतली ती गोष्ट तिला सांगायची होती, पण त्या दिवशी माझ्याच्याने सांगवले नाही. ती हा लेख वाचेल तेव्हा तिला कळेल.

यंदा गणपतीला माझे गुडघे पाटावर बसू देईनात, म्हणून पूजेला पुतणीच बसली. गुरुजी तेच. त्यांना मी आदल्या दिवशीच फोन करून सांगितले होते, की संकल्प जरा सावकाश सांगा, आणि अर्थही सांगा. ते म्हणाले, "चतुर्थीला सकाळी? काका, माझी बारा घरे आहेत." पण आले ते अर्धा तास आधी. सोवळे नेसून बसले आणि एकेक पद सोडवून सांगू लागले. ती मान खाली घालून ऐकत होती. देश झाला, काल झाला, गोत्र झाले, नाव झाले. तिने हात पुढे केला, गुरुजींनी पळी उचलली, आणि पाटाशेजारी पालथा ठेवलेला तिचा फोन थरथरू लागला.

तिने गुरुजींकडे पाहिले. "रात्रीची स्क्रिप्ट थांबली आहे. मला विचारते आहे."

घरातली सगळी माझ्याकडे पाहू लागली. मी काही बोललो नाही. ती उठली, फोन घेऊन खिडकीशी गेली आणि वाचू लागली. बराच वेळ वाचत होती. बाहेर कुठेतरी ढोल सुरू झाले होते. आमची ही म्हणाली, "तोवर तुम्ही पुढे चालवा हवे तर, गुरुजी, मुहूर्त जाईल. हे म्हणतील मम."

गुरुजींनी पळी परत पंचपात्रात ठेवली.

"असू दे," ते म्हणाले. "तिला येऊ दे."